विलायतेतले मराठी आई-बाबा आणि डिमेन्शिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या मराठी घरांतून हे प्रश्न सतत येतात. कधी व्हॉट्सॲपवर रात्री साडेअकराला, कधी गणपतीच्या आरतीनंतर दाराशी चपला शोधताना, आवाज खाली आणून. मी डॉक्टर नाही. सासऱ्यांचा डिमेन्शिया सात वर्षं घरात पाहिला, त्यात फॉर्म भरायला आणि भांडायला शिकले, एवढंच. कायदा आणि पैसे यांबद्दल जे लिहिलंय ते इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये बरेच नियम वेगळे आहेत.

१. डिमेन्शिया म्हणजे नेमकं काय? वय झालं की विसरायला होतंच ना?

पुरणात वेलदोडा घालायचा राहून गेला, तर ते वय. चाळीस वर्षं पुरणपोळी करणारी बाई डाळ शिजल्यावर पातेल्यासमोर उभी राहते आणि पुढे काय करायचं हेच तिला सुचत नाही, तेव्हा दाखवायला हवं. डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांमुळे होणाऱ्या लक्षणांना मिळून हा शब्द वापरतात. अल्झायमर्स सर्वांत जास्त आढळतो. त्याखालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्याने होणारा व्हॅस्क्युलर डिमेन्शिया. ल्युई बॉडी प्रकारात नसलेली माणसं किंवा प्राणी दिसू शकतात. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात विसराळूपणाच्या आधी स्वभाव किंवा बोलणं बदलतं, म्हणून घरचे बरेच दिवस ‘तऱ्हेवाईक झालेत’ म्हणत राहतात.

२. ‘स्मृतिभ्रंश’ म्हटलं की बाबा चिडतात. मराठीत दुसरा शब्द नाही का?

बाबांचं चिडणं समजण्यासारखं आहे. त्यांच्या पिढीने हा शब्द गीतेत ऐकलाय. दुसऱ्या अध्यायाच्या ६३ व्या श्लोकात क्रोधातून संमोह, त्यातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश अशी उतरंड आहे. म्हणजे तिथे तो माणसाच्या वागण्याचं फळ म्हणून येतो. पाठ असलेल्या माणसाला डॉक्टरच्या तोंडून तोच शब्द ऐकताना आरोप वाटला तर नवल नाही. दुसऱ्या टोकाला ‘म्हातारचळ’ आणि ‘साठी बुद्धी नाठी’ आहेत, त्यांत टिंगल आहे. इथल्या पंजाबी, उर्दू, गुजराती घरांतही हीच अडचण आहे. रोजच्या बोलण्यात आजाराला शब्दच नाही, जे शब्द आहेत ते वेडाचे किंवा थट्टेचे.

मी ‘मेंदूचा आजार’ म्हणते. ‘बाबा, मधुमेहात स्वादुपिंड नीट काम करत नाही ना, तसं मेंदूचा एक भाग नीट काम करत नाहीये.’ एवढ्यावर बरीच माणसं तपासणीला तयार होतात.

३. आपल्या लोकांत याचं प्रमाण जास्त आहे का?

संख्या वेगाने वाढतेय हे नक्की. ब्रिटिश खासदारांच्या सर्वपक्षीय गटाने २०१३ मध्ये या विषयावर अहवाल काढला होता. तेव्हा इंग्लंड आणि वेल्समधल्या अल्पसंख्य वांशिक समाजांत अंदाजे २५,००० लोकांना डिमेन्शिया होता आणि २०५१ पर्यंत हा आकडा १,७२,००० च्या वर जाईल असा अंदाज होता, म्हणजे जवळपास सातपट. एकूण लोकसंख्येतली वाढ त्याच काळात दुपटीहून थोडी जास्त धरली होती. मुख्य कारण साधं आहे. पन्नास ते सत्तरच्या दशकांत जी माणसं कारखान्यांत, बसवर, इस्पितळांत काम करायला इथे आली, ती आता ऐंशीच्या घरात आहेत.

दुसरं कारण मधुमेह आणि रक्तदाब. दक्षिण आशियाई लोकांत टाइप टू मधुमेह जास्त आणि लवकर होतो, आणि दोन्ही गोष्टी मेंदूच्या रक्तवाहिन्यांना बाधतात. म्हणूनच इथल्या मार्गदर्शक सूचनांत आपल्यासाठी वजनाची धोक्याची रेषा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ ला आहे, गोऱ्यांसाठी २५ ला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता किंवा कमी करता येतील असे चौदा धोके मोजले. ते सगळे दूर केले तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा लांबतील असा त्यांचा हिशेब आहे. त्यांत मधुमेह, रक्तदाब, एकटेपणा हे आहेतच, पण कमी ऐकू येणंही आहे. कानाचं मशीन कपाटात ठेवून ‘मला ऐकू येतं’ म्हणणारे सगळे काका इथे आठवावेत. चाळीस ते चौऱ्याहत्तर वयात मिळणारी एनएचएसची (इथल्या सरकारी आरोग्यसेवेची) मोफत हेल्थ चेक आपली मंडळी सर्रास चुकवतात. पत्र आलं की जा.

४. आई डॉक्टरकडे यायलाच तयार नाही. काय करू?

जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, पत्र लिहा. गोपनीयतेच्या नियमामुळे आईबद्दल तुम्हाला काही सांगायला जीपीवर बंधन आहे, पण तुमचं ऐकायला नाही. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पत्रात ‘विसरते’ असं मोघम लिहू नका. प्रसंग लिहा, तारखांसह: मार्चमध्ये दोनदा गॅस चालू राहिला, नेहमीच्या टेस्कोतून परतताना रस्ता चुकली, आठवड्याच्या गोळ्यांचा डबा तीन दिवसांत संपवला. मग जीपी तिला रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या तपासणीला बोलावून विषय काढू शकतो.

५. जीपी काय करतो? लगेच डिमेन्शियाचा शिक्का बसतो का?

नाही. आधी विसरण्याची बरी होणारी कारणं शोधतात: थायरॉइड, नैराश्य, औषधांचे दुष्परिणाम, बी-१२ ची कमतरता. आपल्याकडच्या शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्या ज्येष्ठांत बी-१२ कमी असणं नवीन नाही, तेव्हा तो रिपोर्ट मागून घ्या. रक्ततपासणीनंतर गरज वाटली तर मेमरी क्लिनिककडे पाठवतात. तिथे सविस्तर चाचणी, बऱ्याचदा मेंदूचा स्कॅन, आणि घरच्यांशी वेगळं बोलणं होतं.

एक अपवाद. गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक सुरू झाला असेल, माणूस कधी शुद्धीवर कधी भलतंच बोलतोय असं होत असेल, तर मेमरी क्लिनिकची वाट पाहू नका. तो डेलिरियम असू शकतो. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता एवढंही कारण पुरतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

६. क्लिनिकमध्ये आईच्या बरोबर मीच जातो आणि भाषांतर करतो. चालेल ना?

बरोबर जा. भाषांतर करू नका. या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

सासऱ्यांच्या पहिल्या तपासणीला माझे यजमान दुभाषी होते. डॉक्टरने विचारलं, आज वार कोणता? यजमानांनी मराठीत विचारलं, ‘बाबा, आज वार काय? काल आपण गुरुवारची दत्ताची आरती केली ना, मग आज?’ बाबा म्हणाले, शुक्रवार. एक गुण. तीन शब्द लक्षात ठेवायचे होते, दोन आठवले, तिसऱ्याला यजमानांच्या ओठांनी नकळत आकार घेतला. आणखी एक गुण. मुलाने बापाला नापास होऊ दिलं नाही. आजाराचं निदान चौदा महिने लांबलं. कुणी खोटं बोललं नव्हतं, हे मुद्दाम सांगते.

उलटंही होतं. इंग्लंडमधला ऑक्टोबर. ऋतू विचारला तर आजी ‘शरद’ म्हणतात, जे अगदी बरोबर आहे, आणि मराठी कच्चं झालेला नातू ते नावच समजून गोंधळतो. शिवाय काही प्रश्न मुलासमोर विचारायचेच नसतात: लघवीवर ताबा राहतो का, घरात कुणी हात उगारतं का.

एनएचएसमध्ये दुभाषी मोफत मिळतो. अपॉइंटमेंट ठरवतानाच ‘मराठी’ असं स्पष्ट सांगा आणि लिहून घ्यायला लावा. नुसतं ‘इंडियन’ सांगितलंत तर हिंदीचा माणूस येईल, आणि नगर जिल्ह्यातल्या आजी त्याच्याशी तीन वाक्यांनंतर गप्प बसतील. प्रत्यक्ष माणूस नसेल तर फोनवरचा चालतो. ऐकू कमी येत असेल तर समोरासमोरच मागा. बारा-पंधरा वर्षांच्या मुलांना तर या कामाला अजिबात बसवू नये.

७. आई चौथी शिकलेली. लिहिण्या-वाचण्याच्या चाचणीत ती विनाकारण नापास होईल का?

होऊ शकते. जुन्या नेहमीच्या चाचण्या शाळा शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला धरून बनल्या आहेत. उलट टोकाला, आयुष्यभर प्राध्यापकी केलेला माणूस आजार बराच पुढे जाईपर्यंत त्यांत पास होत राहतो.

क्लिनिकला ‘रुडास’ नावाच्या चाचणीबद्दल विचारा. ती सिडनीत २००४ च्या सुमारास, अनेक भाषांच्या लोकांसाठी मुद्दाम तयार झाली. तीस गुण असतात आणि बावीस किंवा त्याखाली आले तर पुढे तपास करतात. त्यात वाण्याकडून आणायच्या चार वस्तू लक्षात ठेवायच्या असतात: चहा, तेल, अंडी, साबण. (ओळखीच्या एका आजींनी ‘अंडी आमच्याकडे येत नाहीत’ असं ठणकावलं होतं. दुभाषी हुशार होती, तिने हे जसंच्या तसं डॉक्टरला सांगितलं.) रस्ता ओलांडताना काय पाहाल, हाताची मूठ आणि तळवा आलटून पालटून ठेवा, प्राण्यांची नावं सांगा, असे बाकीचे भाग आहेत. कोणतीही चाचणी असो, आईचं शिक्षण किती आणि ती घरात कोणती कामं करायची हे आधीच सांगून ठेवा.

८. बाबांनी चाळीस वर्षं इंग्रजीत नोकरी केली. आता इंग्रजीत बोललं की बघत राहतात. हे नाटक आहे का?

नाटक नाही. नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते आणि लहानपणीची टिकते. मराठीतही पुण्याची भाषा जाऊन मालवणी किंवा वऱ्हाडी बोली वर येते. नातवंडांना हे सर्वांत जड जातं, कारण आजोबांशी बोलायचा त्यांचा पूलच इंग्रजीचा होता. त्यांना वीस-पंचवीस शब्द शिकवा: पाणी, भूक लागली?, दुखतंय?, चला, बसा. आणि अभंग लावा. वाक्य पूर्ण न करू शकणारी माणसं ‘सुंदर ते ध्यान’ शेवटपर्यंत म्हणतात. सांभाळायला येणाऱ्या केअररसाठी हेच शब्द मोठ्या अक्षरांत, इंग्रजी उच्चारासह लिहून फ्रिजवर लावा.

९. मंडळात, नातेवाइकांना सांगावं का? मुलीचं लग्न व्हायचंय.

लग्नाचा प्रश्न आधी. बहुतेक डिमेन्शिया असा सरळ वारशाने येत नाही. आई किंवा वडिलांना झाला तर मुलांना थोडा जास्त धोका असतो, इतकंच. एकाच जनुकामुळे पिढ्यान्‌पिढ्या येणारे प्रकार फार दुर्मीळ आहेत आणि ते बहुधा साठीच्या आतच दिसतात. तसा इतिहास घरात असेल तर जीपीला जेनेटिक क्लिनिकबद्दल विचारा.

आता सांगण्याचा. माझं मत पक्कं आहे: सांगा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. इथे मराठी माणसाला म्हातारं होणं काही कालपरवाचं नाही, तरी हळदीकुंकवाला ‘आई का नाही आल्या?’ या प्रश्नाला ‘गुडघे’ हेच उत्तर मिळतं. लपवलं की आईचं येणं-जाणं थांबतं, आणि एकटेपणाने आजार बिघडतो (प्रश्न ३). सगळ्यांना नको वाटत असेल तर दोन घरांना सांगा. ‘तीच गोष्ट पुन्हा विचारली तर पुन्हा सांगा, आठवतंय का असं विचारू नका’, एवढी सूचना पुरते.

१०. मी सून आहे, सगळं मीच करते. बाहेरची मदत घेतली तर लोक काय म्हणतील?

लोक म्हणतील. तुमची पाठ मात्र तुमचीच दुखेल. आपल्या समाजाबद्दल इथल्या यंत्रणेतही एक सोयीस्कर समजूत आहे, की ‘ते आपल्या माणसांचं आपण बघतात’. आपण विचारत नाही आणि ते देत नाहीत.

२०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे काउन्सिलकडून (इथली नगरपालिका) सासूबाईंच्या गरजांची पाहणी आणि तुमची स्वतःची वेगळी ‘केअरर्स असेसमेंट’ हा तुमचा हक्क आहे. त्या दिवशी घर आवरून, पोहे करून ‘सगळं ठीक चाललंय’ म्हणू नका, हा आपला मोठा दोष. सर्वांत वाईट दिवसाचं वर्णन करा. रात्री किती वेळा उठता तो आकडा सांगा. मदत मंजूर झाली तर ती ‘डायरेक्ट पेमेंट’ म्हणून पैशांत घेता येते आणि तुम्ही स्वतः मराठी बोलणारी बाई नेमू शकता. एकाच घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला मात्र त्यातून सहसा पगार देता येत नाही.

११. पैशांची कोणती मदत मिळते?

पेन्शनच्या वयापुढच्या, सांभाळाची गरज असलेल्या माणसाला अटेंडन्स अलाउन्स नावाचा भत्ता. त्याला उत्पन्न किंवा बचत पाहत नाहीत, म्हणून ‘आमच्याकडे घर आहे, आम्हाला नाही मिळणार’ ही समजूत सोडा. आठवड्याला किमान ३५ तास सांभाळणाऱ्याला, कमाई मर्यादेत असेल तर, केअरर्स अलाउन्स. डिमेन्शिया बऱ्यापैकी पुढे गेला असेल तर काउन्सिल टॅक्समध्येही सूट असते. तो माणूस एकटा राहत असेल तर पूर्ण माफ होऊ शकतो. नव्याने इथे आलेल्यांसाठी अटी वेगळ्या आहेत.

१२. केअर होमला शाकाहार, पूजा, मराठी मिळेल का? आणि घर विकावं लागेल का?

मराठी केअर होम मागू नका, मिळणार नाही. लेस्टर आणि हॅरोच्या बाजूला गुजराती माणसांसाठी सोय असलेल्या जागा आहेत, तिथे वरण-भात आणि देव्हारा तरी ओळखीचा वाटतो. ब्रॅडफर्डमध्ये ‘मेरी यादें’ नावाचा उपक्रम दक्षिण आशियाई घरांसाठीच उभा राहिला. ‘व्हेजिटेरियन’ लिहून भागत नाही: अंडं नको, जिलेटिन नको, एकादशीला साबुदाणा चालेल पण मधुमेहाच्या गोळ्या चुकवून उपवास नको, असं सगळं लिहून द्या.

पैसे: इंग्लंडमध्ये मालमत्ता २३,२५० पौंडांच्या वर असेल तर खर्च स्वतःचा. कायमचं केअर होममध्ये गेल्यावर घरही मोजतात, पण त्या घरात जोडीदार किंवा साठ वर्षांवरचा नातेवाईक राहत असेल तर नाही. कोथरूडचा फ्लॅटही मोजला जातो. ऐनवेळी घर मुलाच्या नावावर केलंत तर काउन्सिल ते मुद्दाम कमी केलेली संपत्ती धरू शकते.

१३. पॉवर ऑफ अटर्नी कधी करायची? आईची पुण्यातली कागदपत्रं आहेत, ती चालतील का?

निदान झाल्याच्या आठवड्यातच, आईला समजतंय तोवर. ‘लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी’ म्हणजे समज गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र. ती दोन असतात: एक पैसे-मालमत्तेची, एक आरोग्याची. लोक पहिली करतात आणि दुसरी विसरतात. निदान झालं म्हणजे सही करता येत नाही असं नाही. त्या निर्णयापुरती समज आहे का, एवढंच पाहतात. ती वेळ गेली तर कोर्ट ऑफ प्रोटेक्शनकडे, म्हणजे समज गेलेल्यांचे निर्णय पाहणाऱ्या न्यायालयाकडे, जावं लागतं, आणि ते महागही आहे आणि रेंगाळतंही.

फसवी बाजू भारताची आहे. आपल्या कराराच्या कायद्यानुसार देणाऱ्याची समज गेली की साधं कुलमुखत्यारपत्र संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद निकामी. मग उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. तिकडची खाती, नामांकनं, भाडेकरार आईला समजतंय तोवरच तिकडच्या वकिलाला दाखवून घ्या.

१४. बाबा अजून गाडी चालवतात.

निदान झाल्यावर डीव्हीएलएला (लायसन्स देणारं सरकारी खातं) कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड. लायसन्स लगेच जातंच असं नाही, चाचणी घेऊन थोड्या मुदतीचं देतात. किल्ल्या लपवण्यापेक्षा डॉक्टरच्या तोंडून सांगवा. मुलाचं ऐकलं जाणार नाही.

१५. आई व्हिजिटर व्हिसावर आलीय आणि इथे आल्यावर गोंधळ दिसायला लागला. इथेच तपासू का?

जीपीकडे नाव घालता येतं आणि ते पाहणं मोफत असतं. मेमरी क्लिनिक मात्र इस्पितळाच्या सेवेत येतं आणि पाहुण्यांना एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं. ५०० पौंडांवर थकबाकी राहिली तर पुढचा व्हिसा अडू शकतो. माझा सल्ला: डेलिरियम नाही याची खात्री (प्रश्न ५) इथे करा, बाकी तपासणी तिकडे. आणि निष्कर्षाची घाई नको. नऊ तासांचं विमान, नवं घर, डिसेंबरात दुपारी चारला अंधार. तिकडे ओळखीच्या स्वयंपाकघरात झाकलं गेलेलं इथे उघडं पडतं.

कायमचं आणायचं असेल तर आश्रित पालकांच्या व्हिसाचे नियम जुलै २०१२ पासून फार कडक आहेत. पैसे पाठवूनही भारतात सांभाळ होऊ शकत नाही हे सिद्ध करावं लागतं. व्हिजिटर म्हणून आणून ठेवून घेणं, हा रस्ता नाही. भारतात ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. इथे डिमेन्शिया यूके संस्थेच्या ॲडमिरल नर्सेस (डिमेन्शियाच्या खास परिचारिका) ०८०० ८८८ ६६७८ वर मोफत बोलतात, आणि अल्झायमर्स सोसायटीचा क्रमांक ०३३३ १५० ३४५६.

१६. रोज संध्याकाळी सासरे ‘मला घरी जायचंय’ म्हणतात. घरातच असतात! दोनदा बाहेर निघून गेले.

आधी सुरक्षितता. पोलिसांचा ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ नावाचा फॉर्म आत्ताच भरून ठेवा. नॉर्मंडीत लढलेल्या आणि पुढे डिमेन्शिया झालेल्या जॉर्ज हर्बर्ट यांचं नाव त्याला आहे. फोटो, औषधं, जुने पत्ते, नेहमीचे रस्ते त्यात लिहितात, म्हणजे माणूस हरवल्यावर रडत रडत तपशील आठवावे लागत नाहीत. ‘बोलतात ती भाषा’ या रकान्यात मराठी लिहा, आणि हाक कोणत्या नावाने मारली तर ओ देतात तेही. कागदावरचं नाव वसंत असेल आणि माणूस फक्त ‘अण्णा’ला वळून बघत असेल, तर पोलिसाला ते माहीत हवं.

आता ‘घरी’. ‘अहो बाबा, हेच आपलं घर’ हे मी दोन वर्षं सांगितलं. प्रत्येक वेळी ते जास्त घाबरले, कारण त्यांच्या दृष्टीने एक अनोळखी बाई त्यांना अडवत होती. मग एकदा विचारलं, कुठलं घर? साताऱ्याजवळचा वाडा निघाला. दारात पिंपळाचा पार, संध्याकाळी गाई परत यायच्या वेळी आई हाक मारायची. त्यांच्या डोक्यात सहा वाजले होते आणि पोरगं अजून बाहेरच होतं. त्यानंतर मी साडेपाचलाच दिवे लावायला लागले, पडदे ओढून घेतले, देवापाशी निरांजन, आणि त्यांच्या हातात निवडायला शेंगांची परडी. ‘आई रागावेल’ म्हणाले तर ‘मी सांगते त्यांना, तुम्ही इथेच आहात म्हणून’ असं म्हणायचे. मग ते शेंगा सोलायचे.